आतली जागा

"ही जागा कायले ठेवली होती, भाऊ?" माणिकबाईंनी विचारलं. प्रश्न तसा साधा होता. त्यांचा जुना कॉम्प्युटर माझ्या दुकानातल्या टेबलावर आडवा पडला होता, बाजूचा पत्रा मी काढून ठेवला होता आणि बाई चष्मा वर सारून आत डोकावत होत्या. एकोणीस वर्षं ही वस्तू त्यांच्या घरात होती, पण तिचं पोट त्या पहिल्यांदाच बघत होत्या. पत्र्याच्या आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं : माणिकबाई, १४ जून २००६. जागा : ५. ही माझी सवय. मी जोडलेल्या प्रत्येक मशीनच्या पत्र्यावर मी आतून मालकाचं नाव, तारीख आणि रिकाम्या स्लॉटांचा आकडा लिहितो. पुढे जो कोणी उघडेल, मी असो की दुसरा, त्याला कळावं की अजून किती काही बसवता येईल. इथे पाच जागा होत्या, दोन रॅमच्या, तीन कार्डांच्या. पाचही तशाच होत्या. कार्डांच्या तोंडावरच्या पट्ट्या मी बसवल्या त्या दिवशीइतक्याच चकचकीत होत्या, कारण नंतर त्यांना कोणाचा हातच लागला नव्हता. "पुढं वाढवता याव म्हणून," मी शेवटी म्हणालो. "हाव, तुमी तवाबी हेच म्हणलं होतं," बाई म्हणाल्या. तेव्हा त्या शाळेत शिकवायच्या. "मी शाळेत साऱ्यायले सांगत होती, माह्या कम्प्युटरमधी जागा हाय म्हणून." आणि त्या हसल्या. त्या हसण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो, ते मला चांगलं जमतं.

बाई गेल्या. भाच्यानं लॅपटॉप दिल्यामुळे हे धूड आता त्यांना नको होतं, आणि भंगारात देण्याआधी मी त्यातलं काही काढून घेतो का एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. मी पत्रा परत लावायला घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. दुकानाच्या मागच्या अंगाला अशीच परत आलेली सात-आठ कॅबिनेटं पडून होती. कशासाठी कोण जाणे, मी एकेकाचा पत्रा काढायला लागलो. जागा : ४. जागा : ६. जागा : ३. सगळ्या रिकाम्या. एका ठिकाणी तेवढी कोणीतरी एक रॅम वाढवलेली सापडली, आणि तीही माझ्याच हातची होती, माझ्याच आग्रहाची. सत्तावीस वर्षं मी अमरावतीच्या माणसांना सांगत आलो की डबा मोठा घ्या, उद्या लागेल. उद्या काही कोणाकडे आला नाही. माणसांनी पत्रं टाइप केली, पोरांनी खेळ खेळले, लग्नाच्या पत्रिका छापल्या गेल्या, आणि त्या सगळ्याला आज बसवलं तेवढंच पुरलं. मी लोकांना फसवलं असं नाही. मोठ्या डब्यात हवा खेळते, म्हणून तर बाईंची मशीन एकोणीस उन्हाळे टिकली. पण त्या पट्ट्यांच्या चकाकीकडे बघताना मला माझीच लाज वाटायला लागली. मोठा डबा ठेवायला शिकवलं मला अकोल्याच्या बशीरचाचांनी. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मी एकोणिसाव्या वर्षी तिथे स्टूल पुसायला लागलो तो हातात सोल्डरिंगचा डाग देण्याची सळी येईपर्यंत राहिलो. "डब्बा बडा रखना, बेटा," चाचा म्हणायचे. "हवा को भी घर लगता, और आनेवाले को भी." मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे जे जे बांधलं त्यात येणाऱ्याची जागा ठेवत गेलो. आणि येणारा येईल की नाही हे त्या येणाऱ्याला कधी विचारलंच नाही.

खरं सांगायचं तर माणिकबाईंचा प्रश्न मला एवढा लागला तो बाईंमुळे नाही. तो वर्षालीमुळे लागला. वर्षाली माझी मुलगी, एकुलती एक, तेहतीस वर्षांची. अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. दिवाळीला घरी आली तेव्हा फराळाचं ताट मांडीवर घेऊन म्हणाली, "बाबा, मले लग्न नाई करायचं. कोनाचा राग नाई, काई दुःख नाई. मले असंच बरं वाटते." मी चकली मोडत राहिलो. डिसेंबरात तिनं अकोल्याला एका खोलीचं घर घेतलं, तेही मी गिळलं. मग एके दिवशी फोनवर बोलता बोलता म्हणाली की नवा कॉम्प्युटर घेतला, तयारच घेतला, तळहाताएवढा आहे. आणि माझा तोल गेला. असेंबलरच्या पोरीनं तयार डबा घ्यावा! लग्नाला मी बोललो नव्हतो, घराला बोललो नव्हतो, ते सगळं साठलेलं त्या डब्यावर निघालं. "कोनाले जागाच नाई ठेवली तू," मी ओरडलो. "ना डब्यात, ना घरात, ना जिंदगीत!" मग ती "बरं, बाबा" म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून ती आईशी बोलते, माझ्याशी नाही. नव्या घरी जायला मी निघालो नाही. संक्रांतीला ती आली नाही, होळीला आली नाही. मला दुसरं काही नको होतं, फक्त ते वाक्य परत घ्यायचं होतं. मशीनमधून वाईट पार्ट काढून घेता येतो, तोंडातून गेलेल्या शब्दाला कोणता पेचकस लागतो ते मला माहीत नाही. आणि रोज एक दिवस जास्त होत होता. ती आता कधी येणारच नाही, अशी भीती मला हल्ली दुकानात बसल्या बसल्या वाटायची, ऊन रस्त्यावर पसरलेलं असताना, गिऱ्हाईक समोर बोलत असताना.

संध्याकाळी घरी गेलो तो सरळ गच्चीवर. हे घर मी २००१ साली बांधलं, तेव्हा खांबांच्या सळया वर तशाच उभ्या ठेवल्या. वर्षाली नऊ वर्षांची होती. वरचा मजला तिचा, असं मी मिस्त्रीला सांगितलं होतं. तिचा नवरा, तिची मुलं, त्यांचा वेगळा जिना, सगळं माझ्या डोक्यात बांधून तयार होतं. सळया गंजून तांबड्या झाल्या, टोकांना माझ्या बायकोनं, रागिणीनं, औषधाच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातल्या, कोणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. मी वर गेलो तेव्हा ती वाळलेले कपडे काढत होती. मी एका सळीला धरून उभा राहिलो. "काय पाहून राहिले?" तिनं विचारलं. "ह्या सळया कापून टाकाव म्हन्तो," मी म्हणालो. "अन माह्या दोऱ्या कुठं बांधू? तुमच्या डोक्याले?" खरंच की. आठ खांबांमध्ये मिळून सहा दोऱ्या ताणलेल्या होत्या. "चोवीस वर्सं झाले, मी या सळयायले दोऱ्या बांधून राहिली," रागिणी म्हणाली, "अन तुमी म्हन्ता, रिकाम्या हायेत." पाच दोऱ्यांवर कपडे होते. कठड्याजवळची सहावी मोकळी होती, आणि तीच तर सगळ्यात जास्त उन्हातली. मी खांद्यावरचा घामाचा टॉवेल तिच्यावर टाकायला गेलो तर रागिणीनं तो ओढून घेतला. "तिथं नोका टाकू. थे वर्षूची हाय." वर्षाली अकोल्याहून यायची तेव्हा पंधरा दिवसांचे कपडे पिशवीत कोंबून आणायची, अकोल्याला पाणी जड आहे, साबण फेसत नाही म्हणून, आणि आल्या आल्या ती दोरी भरून टाकायची. डिसेंबरपासून रागिणीनं ती दोरी कोणाला वापरू दिली नव्हती. मी चार महिने रोज गच्चीवर येत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. "पोरीकडं जाऊन या," ती म्हणाली. "थे काई आधी येनार नाई. तुमचीच पोरगी हाय थे." मी हो म्हणालो नाही, पण सकाळी तिनं न विचारता शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा बांधून ठेवला होता.

मुलीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. लाडू आईचे झाले. बापाचं काय? मी जाता जाता दुकान उघडलं आणि एक रॅम घेतली. चांगल्यातली, सोळा जीबीची, लहान मशीनमध्ये लॅपटॉपची छोटी रॅम लागते एवढं मला कळतं म्हणून तीच घेतली, आणि तिच्या रुपेरी पाकिटासकट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. पेन्सिल आणि खोडरबर तिथे आधीच होते, ते नेहमीच असतात. कोणी साडी नेतं, कोणी पातेलं नेतं, मी जागा भरायला निघालो होतो. एस.टी. निघाली तेव्हा साडेनऊच वाजले होते, पण एप्रिलमधलं ऊन आपल्याकडे तेवढ्यातच दुपारचं होतं. खिडकीचा दांडा धरवत नव्हता. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मोठमोठ्या ढेकळांची, आणि त्यांच्यावरून हवा थरथरताना दिसत होती. मला वर्षाली आठवत होती, दहा वर्षांची, दुकानात फरशीवर मांडी घालून बसलेली. मे महिन्यात माझ्याकडे सगळ्यात जास्त मशिनी यायच्या त्या एकाच रोगानं. लोक कॉम्प्युटरला गरम होतं म्हणून त्याला कूलरसमोर ठेवायचे, वर बाजूचा पत्राही काढून टाकायचे. कूलरचं ओलं वारं थेट पोटात जायचं, रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट कीट चढायचं आणि मशीन चालू होताना नुसती टूं-टूं करत बसायची. औषध काय, तर शाळेचं खोडरबर. मी रॅम काढून वर्षालीच्या हातात द्यायचो आणि ती खोडरबरानं एकेक दात घासून लखलखीत करायची, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. मशीन चालू झाली की विचारायची, "बाबा, या बाकीच्या जागेत काय येईन?" मी सांगायचो, "पुढचं पुढं पाहू." आता बसमध्ये मला वाटलं, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हणालो असेन. आणि दर वेळी समोरच्याला वाटलं असेल की हा माणूस लांबचं बघतो.

वर्षालीचं घर गोरक्षण रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. दाराला कुलूप. मंगळवार होता, ती विद्यापीठात असणार हे मला माहीतच होतं, म्हणजे मी मुद्दाम अशा वेळेला आलो होतो की ती नसावी, हे आता सांगायला हरकत नाही. दारावरूनच परत गेलो असतो आणि रागिणीला म्हणालो असतो, गेल्तो, कुलूप होतं. पण समोरचं दार उघडलं आणि एक वयस्क बाई बाहेर आली, डोक्यावर ओढणी, हाताला भिजवलेली कणीक. "अमरावतीवाले ना तुम? वर्षाली के अब्बा?" मी हो म्हणालो. "मैं बिस्मिल्लाबी. फोटो दिखाया बेटीने तुम्हारा. रुको." ती आत गेली आणि कोपरानं दार ढकलत एक किल्ली घेऊन आली. "जनवरी से रखी है मेरे पास. बोली, मेरे बाबा बिना बताए आएंगे, उनको दरवाजे पे खडा मत रखना." किल्लीला कणीक लागली होती, ती तिनं ओढणीला पुसून माझ्या हातात दिली. आभार मानायचं राहूनच गेलं. मी नुसती मान हलवली आणि कुलूप उघडायला लागलो. किल्ली दोनदा चुकली.

एकच खोली, पण उजेड भरपूर. कडेला पलंग, ओट्याशी दोन भांडी पालथी, भिंतीला फळी आणि फळीवर काचेच्या बाटल्यांमधून माती. काळी, भुरकट, तांबूस, प्रत्येकीवर गावाचं नाव. टेबलावर तो होता. मी आधी त्याच्याकडे बघितलंच नाही, पाणी प्यालो, पंखा लावला, लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. राखाडी, चौकोनी, कोपरे गोल केलेला, माझ्या पंजाखाली झाकला जाईल एवढाच. मी तो हातात घेतला तर जड लागला. हलका असता तर बरं झालं असतं, मला नाक मुरडता आलं असतं. शिवण कुठे दिसेना. उलटा केला. तळाला चार रबरी पाय आणि त्यांच्या पोटात चार स्क्रू. पोरीची वस्तू, तिला न विचारता उघडायची नसते, एवढं कळत होतं. पण पाकीट खिशात होतं, रॅम बसवायची आणि काही न बोलता निघून जायचं, ती मशीन चालू करेल तेव्हा तिलाच कळेल की बाप येऊन गेला, असं मी किल्ली हातात आल्यावर ठरवलं होतं. मी वर्तमानपत्र पसरलं, खिशातला लहान पेचकस काढला आणि पहिला स्क्रू फिरवला. तो सैल झाला, पण बाहेर येईना. मला वाटलं आटे गेले. दुसराही तसाच. मग लक्षात आलं आणि माझा हात थांबला. ते स्क्रू निघायचेच नव्हते. सैल होऊन ते आपापल्या भोकात उभे राहत होते, हरवू नयेत म्हणून. सत्तावीस वर्षं मी फरशीला गाल लावून स्क्रू शोधले आहेत. रागिणीला ते केरात सापडले आहेत, एकदा तर डाळीत. आणि कुठल्या तरी देशात एक माणूस बसला आणि त्यानं विचार केला की हे जो उघडेल त्याला फरशीवर वाकावं लागू नये. मला न ओळखता त्यानं माझ्या कंबरेची काळजी केली होती.

झाकण उचललं आणि मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो. आत एकही लोंबती वायर नव्हती. मी आयुष्यभर वायरींचे जुडगे बांधून कोपऱ्यात दडपत आलो, इथे दडपायला काही नव्हतंच. बोर्ड दोन मजल्यांचा केलेला, खालचा मजला वरच्याला खांदा देतोय. वीज देणारा भाग, जो लोक वेगळ्या विटेसारखा बाहेर लटकवतात, तो आतच एका कडेला बसवलेला. तांब्याची नळी चपटी करून बरोबर तिथून वळवलेली जिथून हवा जाणार. आणि हवा कुठून जाते हे मला कोणाला विचारायची गरज पडली नाही, कारण चार महिन्यांत अकोल्याच्या काळ्या मातीची धूळ आत आली होती आणि तिनं रेघ काढून दाखवली होती. खालून शिरली, आधी तापणाऱ्या भागावरून गेली, मग तांब्यावरून, मग मागच्या फटीतून बाहेर. कुठेही घुटमळली नव्हती. कुठेही बोर्ड करपून पिवळा पडला नव्हता. मी दोष शोधत होतो, हे कबूल करतो. भिंग काढून शोधला. मग हळूहळू शोधायचं विसरलो. खिशातली रॅम आठवली तेव्हा मी तिची जागा पाहायला वाकलो, आणि जागा नव्हती. रॅम बोर्डावरच डकवलेली होती, कायमची. दुसरी बसवायला फट नाही, पट्टी नाही, भविष्यातल्या कोणासाठी काही नाही. मी रुपेरी पाकीट काढून टेबलावर ठेवलं, आणि मला ते फार केविलवाणं वाटलं. पण राग आला नाही, याचंच आश्चर्य वाटलं. हे ज्यानं घडवलं त्याला 'पुढचं पुढं पाहू' म्हणायची सोयच नव्हती. किती लागेल हे त्याला आजच ठरवायचं होतं, आणि ठरवल्यावर त्याला शेवटपर्यंत उत्तर द्यायचं होतं. केवढी हिंमत लागत असेल. मला इतकी वर्षं वाटत होतं की लांबचं बघणारा मी आहे. मी तर फक्त ठरवायचं टाळत होतो, आणि त्या टाळण्याला मोठ्ठा डबा करून देत होतो. त्या अनोळखी कारागिराला एकदा भेटून नमस्कार करावा असं मला मनापासून वाटलं. त्याच वेळी वर्षालीचं वाक्यही कानात आलं, मले असंच बरं वाटते, आणि मला पहिल्यांदा कळलं की तेही असंच, नीट विचार करून, चारी बाजूंनी मोजून बोललेलं होतं.

"उघडला?" दारातून आवाज आला. जेवायच्या सुट्टीत ती घरी येते हे मला ठाऊक नव्हतं. उन्हासाठी डोक्याला नि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. बिस्मिल्लाबीनं जिन्यातच सांगितलं असणार, कारण ती दचकली नव्हती. "उघडला," मी म्हणालो. ती दुपट्टा सोडत आत आली, टेबलाशी उभी राहिली. "सापडली का जागा?" मी मान हलवली. पाकीट तिच्याकडे सरकवलं. "तुह्यासाठी आनली होती. बसत नाई." तिनं पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "चार महिने झाले. तुमचं थे वाक्य रोज माह्यासंगं जेवाले बसून राहिलं."

मी उठून उभा राहिलो, का ते माहीत नाही, गुरुजींनी हाक मारल्यावर उठतात तसा. "मी चुकलो, वर्षू," मी म्हणालो. एवढं वाक्य अमरावतीपासून घोकून आणलं असतं तर बोलता आलं नसतं. "मी बोललो थे चूक होतं. मले भेव वाटत होतं, तुह्यासाठी. अन हे," मी टेबलाकडे हात केला, "हे भल्लं सुंदर हाय. मी जिंदगीत असं काम पाह्यलं नाई." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी मनापासून बोलतोय का ते तपासत. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "पन रॅम डकवून टाकली ना लेकायनं! जळली तं सारंच गेलं!" आणि आता मात्र ती हसली, मोठ्यानं, दारापर्यंत ऐकू जाईल असं. "जळली तं जळली. पुढचं पुढं पाहू. तुमीच म्हन्ता ना?"

तिनं ती रॅम फळीवर ठेवली, मातीच्या बाटल्यांच्या ओळीत. मी म्हणालो, मी परत नेतो, दुकानात विकली जाईल. "राहू द्या," ती म्हणाली. "डब्यात जागा नसन, घरात हाय." आणि खाली वाकून तिनं पलंगाखालून एक वळकटी पुढे ओढली. दोन गाद्या होत्या, दोरीनं बांधलेल्या, दोन उशा त्यांच्यात खोचलेल्या, अभ्रे अजून कोरे. "ही तुमची, ही आईची. घर घेतलं तवाच आनल्या." ती सहज बोलली, जसं काही ती मला भांडी कुठे ठेवते ते दाखवत होती. मी त्या गाद्यांकडे बघत राहिलो. फोनवर ओरडलो त्या दिवशी त्या इथेच, पलंगाखाली होत्या. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला त्या खोलीत कोपराही नव्हता.

मी झाकण लावायला घेतलं तेव्हा तिनं माझ्या खिशातली पेन्सिल ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. "लिवा ना. माह्याच मशीनवर नाई लिवनार का?" झाकणाची आतली बाजू कोऱ्या ॲल्युमिनियमची होती, पण लिहायला मोकळी अशी एका पोस्टाच्या तिकिटाएवढीच. मी बारीक अक्षरात लिहिलं : वर्षाली, २२ एप्रिल २०२५. जागा. आणि थांबलो. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिचा श्वास मानेला लागत होता. शून्य लिहिणं खरं झालं असतं. पुढे उघडणाऱ्याला खोटं सांगायचं नाही, हा माझा नेम, सत्तावीस वर्षांत मोडलेला नाही, आणि तो मला आजही मोडायचा नव्हता. मी पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं. मग लिहिलं : पुरेशी.

तिनं ते वाचलं. माझ्या हातातून पेचकस घेतला आणि चारही स्क्रू स्वतः आवळले, समोरासमोरचे, तिरपे, मी शिकवले होते तसे. मशीन उलटी करून जागेवर ठेवली, लाडवांचा डबा उघडला, एक मला दिला, एक स्वतः घेतला. अर्धा खाऊन झाल्यावर, खिडकीबाहेर बघत तिनं विचारलं, "बाबा, गच्चीवर माही दोरी तशीच हाय का?"

"तशीच हाय," मी म्हणालो. "आई कोनाले हात लावू देत नाई."

"मंग शनवारी येतो," ती म्हणाली. "लय कपडे साठले."